सहा तरी हवेत

एका गावात एक भोळा भैरू होता. ‘भोळा’ असं त्याची आत्या म्हणायची. गाव दुसरा शब्द वापरायचं, पण आत्याच्या पाठीमागे.

आईबाप लहानपणीच गेले, तेव्हा आत्यानेच त्याला वाढवलं. पोरगा गुणी होता. सांगितलेलं काम कधी टाळायचा नाही. तीच तर पंचाईत होती. सांगितलेलं सगळं तो करायचा, अगदी सांगितलं तस्सं, फक्त भलत्या ठिकाणी.

आत्या आता थकली होती. तिच्या जिवाला एकच घोर होता, भैरूचं लग्न. “मी डोळे मिटल्यावर या पोराला कोण आहे?” असं म्हणून ती पदर डोळ्यांना लावायची. स्थळं यायची. भैरूशी चार शब्द बोलायची आणि अर्धा चहा तसाच ठेवून निघून जायची.

शेवटी तातोबा मध्यस्थाने हिंदुरावांचं स्थळ आणलं. मुलगी शालन, शिकलेली, हसरी. हिंदुरावांना मात्र एक वेड होतं. मासे! खायचे नव्हे, पाळायचे. काचेची टाकी, टाकीत हिरवीगार झाडं आणि झाडांतून फिरणारे बारके बारके मासे. ते सगळ्यांना सांगायचे, “ज्याच्या टाकीत मासे गुण्यागोविंदाने नांदतात, त्याच्याच घरात माझी मुलगी नांदेल.”

तातोबाने लगेच ठोकून दिलं, “आमचा भैरू तर माशांचा मोठा दर्दी!”

“असं? मग येतोच टाकी बघायला,” हिंदुराव म्हणाले.

आत्याचं धाबं दणाणलं. नशीब एवढंच, की शेजारचे मास्तर बदली होऊन गेले तेव्हा आपली टाकी झाडांसकट आत्याकडे ठेवून गेले होते. फक्त मासे नव्हते. आत्या म्हणाली, “भैरू, रझाकभाईच्या दुकानात जा आणि चांगला मासा घेऊन ये.”

भैरू गेला आणि चांगला मासा घेऊन आला. एक मासा. निऑन टेट्रा म्हणतात तो. बोटाच्या पेराएवढा, अंगावर निळी रेघ, शेपटीकडे लाल. टाकीत सोडला तो थेट झाडामागे जाऊन बसला. बाहेर येईना, काही खाईना.

भैरू पळत रझाकभाईंकडे गेला.

रझाकभाई म्हणाले, “अरे लेका, हा थव्याने राहणारा मासा. एकटा ठेवला की घाबरतो. कोपऱ्यात बसतो, खाणं सोडतो. एकाच जातीचे सहा तरी हवेत.”

“सहा तरी हवेत,” भैरू म्हणाला. आणि घोकत घोकत घरी निघाला.

वाटेत त्याला आठवलं, आत्याने पत्रिका बघायला भटजींना बोलावून आणायला सांगितलं होतं. गावात भटजी चारच. दोन त्याने शेजारच्या गावातून गोळा केले. सहाजणांची रांग दारात बघून आत्या मटकन खाली बसली.

“अरे, हे काय?”

“एकटा भटजी घाबरतो, आत्या. कोपऱ्यात बसतो, खाणं सोडतो.”

“भटजी? खाणं सोडतो?”

तोवर आत धुमश्चक्री सुरू झाली होती. पहिला म्हणाला, मंगळ आहे. दुसरा म्हणाला, मुळीच नाही. तिसरा म्हणाला, असता तर बरं झालं असतं. चौथा आणि पाचवा एकमेकांचे गुरू काढू लागले. सहाव्याने पत्रिका उघडलीच नाही. पानं कधी मांडणार, एवढंच त्याने विचारलं.

सगळे गेल्यावर आत्या कडाडली, “शुंभा! एकासारखा दुसरा कधी आणू नये. एकाच धंद्याचे दोघं एका घरात आले की भांडतात. वेगवेगळी माणसं असली की कशी गोडीने राहतात!”

“एकासारखा दुसरा आणू नये,” भैरू म्हणाला.

आणि गेला रझाकभाईंच्या दुकानात. गल्ल्यावर त्या वेळी त्यांच्या बेगम होत्या. गिऱ्हाईक बोट दाखवेल तो मासा त्या पिशवीत घालून द्यायच्या. भैरूने सगळीकडे बोट दाखवलं. एक एंजल, ताटलीसारखा गोल. एक टायगर बार्ब, पट्ट्यापट्ट्यांचा. एक गप्पी, पंख्यासारख्या शेपटीचा. एकासारखा दुसरा नाही. टाकीत सोडले आणि भैरू निर्धास्त झोपला.

सकाळी बघतो तर निऑन गायब. गप्पी आहे, पण शेपटी नाही. पट्टेवाला गप्पीच्या मागे लागलाय. आणि एंजल? पोटभर जेवलेल्या पाहुण्यासारखा एका जागी सुस्त.

रझाकभाईंनी कपाळावर हात मारला. नको ते मासे परत घेतले आणि सहा निऑन दिले. देता देता बजावलं, “मासे शेजारी ठेवायच्या आधी तोंडं बघावीत! ज्याच्या तोंडात जो मावतो, त्याला तो गिळतो. बारक्यांबरोबर मोठ्या तोंडाचा कधी ठेवू नये. काय?”

“तोंडं बघावीत,” भैरू म्हणाला.

त्या दिवशी तातोबा जेवायला येणार होता, दोन नातवांना घेऊन. पाटावर बसणार तोच भैरू पुढे झाला.

“तातोबा, आ करा.”

“का रे?”

“करा तर.”

तातोबाने आ केला. आयुष्य मध्यस्थीत गेलेलं, तोंड चांगलं ऐसपैस होतं. भैरूने आत डोकावून बघितलं. मग नातवांकडे बघितलं. मग तातोबाचा पाट उचलला, गोठ्यात नेऊन ठेवला आणि तातोबाला आत घालून कडी लावली.

“पोरांनो, आता बिनघोर जेवा,” तो म्हणाला.

आतून तातोबाने जी बोंब ठोकली, ती हिंदुरावांच्या गावापर्यंत कशी गेली नाही याचंच आश्चर्य. आत्याने हातापाया पडून त्याला बाहेर काढलं. लग्न मोडता मोडता राहिलं.

“पाहुण्याचं तोंड बघतात का रे मेल्या?” आत्याला रडू आवरेना. “पाहुण्याला आग्रह करावा! नको म्हणाला तरी वाढावं. तोंड फिरवलं तरी वाढावं. पाहुणा लाजतो, आपण लाजू नये!”

“तोंड फिरवलं तरी वाढावं,” भैरू म्हणाला.

आणि टाकीपाशी गेला. सहा निऑन नव्यानेच घरात आलेले. म्हणजे पाहुणेच की! भैरूने माशांचं खाणं घातलं. मासे जेवले. त्याने आणखी घातलं. माशांनी तोंड फिरवलं. “लाजू नका,” म्हणून त्याने सगळी डबी उपडी केली. मग शेवया घातल्या. वर लाडवाचा चुरा. दुसऱ्या दिवशी पाणी ताकासारखं पांढरं झालं आणि मासे वर येऊन आ करू लागले.

“बघ आत्या, अजून मागताहेत!”

आत्याने शेजाऱ्यांना पळवलं, रझाकभाईंना बोलावून आणलं. तोवर दोन मासे गेले होते. रझाकभाईंनी टाकीतली घाण काढली, थोडं थोडं पाणी बदललं, आणि पाणी निवळल्यावर चार नवे निऑन आणून दिले. त्यांना आत्याची दया येत होती.

“भैरू, नीट ऐक,” ते म्हणाले. “नवे मासे एकदम आत सोडायचे नाहीत, दगावतात. पिशवी तशीच बंद ठेवून पाण्यावर तरंगू द्यायची. मग तोंड उघडून टाकीतलं पाणी वाटीवाटीने आत घालायचं. गडबड नाही, उजेड नाही. इथलं पाणी अंगवळणी पडलं, की मगच आत घ्यायचे.”

भैरूने या वेळी अगदी तसंच केलं. आणि काय सांगावं, टाकी अशी सजली की आत्या बघतच राहिली. हिरव्या झाडांतून आठ मासे एकदम वळत होते, एकदम थांबत होते. आत्याने देवापुढे दिवा लावला. आता फक्त हिंदुराव येऊन टाकी बघून जायचे होते.

हिंदुराव आले. जीप करून आले. बरोबर बायको आणि शालन. आत्या पोह्यांना फोडणी देत होती. भैरू पुढे गेला, उतरणाऱ्या हिंदुरावांना त्याने आत ढकललं आणि जीपची दारं बंद केली. काचा वर करायला लावल्या. वरून सतरंजी टाकून उजेड बंद केला. मग थोड्या थोड्या वेळाने सतरंजी उचलून, काच जरा खाली करायला लावून तो आत पाण्याची वाटी देऊ लागला.

आत्या बाहेर आली आणि किंचाळली, “अरे देवा! संपलं सगळं!”

सतरंजीखालून हिंदुरावांचं लालबुंद डोकं बाहेर आलं. “हा काय प्रकार आहे?”

“इथलं पाणी अंगवळणी पडू दे,” भैरू म्हणाला. “एकदम आत आलात तर दगावाल.”

 हिंदुरावांचा चेहरा हळूहळू उजळला. “अगं, ऐकलंस का?” ते बायकोला म्हणाले. “इतका काटेकोर माणूस! मीसुद्धा कंटाळून मासे लवकर सोडतो.” आणि त्यांनी आणखी एक वाटी मागून घेतली.

टाकी बघून तर ते खूशच झाले. थवा बघितला, झाडं बघितली, निवळशंख पाणी बघितलं. “आमच्याकडून पसंत,” ते म्हणाले. “जावईबापू, तुम्हाला मुलगी पसंत आहे ना?”

भैरूने शालनकडे बघितलं. पोरगी खाली मान घालून कोपऱ्यात बसली होती. पोह्यांना तिने हात लावला नव्हता.

“पसंत आहे,” भैरू म्हणाला. “पण एकटी देऊ नका. सहा तरी हव्यात.”

आत्याच्या हातातली कपबशी खाली पडली. हिंदुराव ताडकन उठले. “काय म्हणालास?”

“एकटी घाबरेल. कोपऱ्यात बसेल, खाणं सोडेल.”

तेव्हा शालनची आई पहिल्यांदा बोलली. “तुम्ही खाली बसा हो,” ती नवऱ्याला म्हणाली. “मी तुमच्या घरी आले तेव्हा महिनाभर मोरीत बसून रडत होते. घाबरलीस का, असं कुणी विचारलं नाही. आणि तुम्ही तर टाकीसमोर बसला होतात.”

हिंदुराव खाली बसले. शालनने मान वर केली. तिला हसू येत होतं आणि डोळेही भरले होते. “आई, पाठराखीण एक येतेच ना नवरीबरोबर? माझ्याबरोबर पाच येऊ देत,” ती म्हणाली.

लग्न थाटात झालं. शालन आली आणि तिच्यामागून पाच पाठराखिणी आल्या. मावशी, काकू, दोन चुलत बहिणी आणि एक आजी. चार दिवस झाले, आठ झाले. पाठराखिणींनी निघायचं म्हटलं की भैरू उंबऱ्यात आडवा पडायचा. “सहाच्या खाली जायचं नाही!” मग त्याही रमल्या. सहाजणी मिळून स्वयंपाक करायच्या, मिळून हसायच्या, मिळून दुपारच्या झोपायच्या.

आत्याला मात्र आपल्याच घरात काम उरलं नाही. ती चुलीपाशी गेली की “तुम्ही बसा आत्याबाई,” म्हणत सहाजणी गप्प व्हायच्या. एक दिवस भैरू घरी आला, तर आत्या माजघराच्या कोपऱ्यात बसलेली. पुढ्यात ताट तसंच.

“जेवली नाहीस?”

“भूक नाही रे.”

भैरू तिच्यासमोर उकिडवा बसला. त्याने ताटाकडे बघितलं, मग तिच्याकडे.

“आत्या, तू एकटी आहेस म्हणून होय गं?”

आत्याचा बांध फुटला. इतक्या वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. भैरूने तिचे डोळे पुसले, “थांब, आलोच,” म्हणाला आणि बाहेर गेला. आत्या शालनला हाक मारून म्हणाली, “पोरी, तुझ्या पायगुणाने माझं पोरगं शहाणं झालं गं! आता मी सुखाने डोळे मिटायला मोकळी.” आणि तिने ताट पुढे ओढलं.

दिवेलागणीला भैरू परत आला. त्याच्यामागे पाच म्हाताऱ्या होत्या, प्रत्येकीच्या काखेत बोचकं. भैरूने त्यांना अंगणात थांबवलं, एकेकीच्या हातात पाण्याची वाटी दिली आणि आत डोकावून ओरडला,

“आत्या, घाबरू नकोस! सगळ्यांची तोंडं बघूनच आणल्यात. तुला गिळेल अशी एकही नाही!”