बिनछताची गाडी

शहाणी बाई कपाट घेतानाही दार नीट लागतंय का बघते. मी रोज ऑफिसला जायला साठ वर्षं जुनी, फाटक्या छताची उघडी गाडी घेतली. मूर्खपणाच! पण एकट्या बाईशी दिवसभरात बोलतं कोण? या गाडीत सिग्नलला थांबलं, की कुणीतरी विचारतंच, “ताई, अ‍ॅव्हरेज किती देते?”

सोसायटीत पत्र्याखालची पार्किंगची एकच जागा उरली होती. ती हुकली तर पावसाळ्यात गाडी सडणार आणि मी पुन्हा मुकी होणार.

मीटिंगमध्ये चेअरमन निंबाळकर टोपी सावरत गरजले, “जिला छतच नाही, तिला मी कार मानत नाही. तुमचं टमरेल उघड्यावर लावा!”

सगळे हसले.

मी म्हटलं, “बरं साहेब. मग टोप्याही केसवाल्यांनाच द्यायच्या का? टक्कलवाले उभे राहतील उन्हात.”

निंबाळकरांनी टोपी घट्ट धरली आणि जागा माझ्या नावावर लिहिली.

खुशीत मी ड्यूटी संपलेल्या वॉचमन बाबरकाकांना म्हटलं, “काका, शेजारची सीट रोज रिकामीच असते. चला, घरी सोडते.”

त्यांनी गाडीकडे पाहिलं, मग आभाळाकडे.

“बसतो की. छत्री मी धरतो. ढकलायला मात्र अजून एक माणूस घ्या.”