गौरीच्या पानाची डावी बाजू

हातातल्या अक्षता मुठीत धरा, बायांनो, पोरांना मांडीवर घ्या. मागं बसलेल्यांनी पुढं सरका, मला ओरडायला लावू नका. ऐक गौरीमाई, तुझ्या पानाची कहाणी.

नगर होतं आटपाट. नदीच्या वळणावर वसलेलं. पहाटे धुक्यात बुडायचं, उन्हं आली की वर यायचं. त्या नगरात भानजी नावाचा गृहस्थ राही. घरी दूध होतं, तूप होतं, कणग्या भरलेल्या होत्या. त्याच्या बायकोचं नाव द्वारका. त्यांचा मुलगा केरोबा, आणि केरोबाची बायको सगुणा. दर भादव्यात त्यांच्या घरी गौर यायची. अनुराधा नक्षत्रावर यायची, ज्येष्ठा नक्षत्रावर जेवायची, मूळ नक्षत्रावर निघायची. निघताना घरच्या वडील सवाष्णीनं म्हणायचं, "माई, पुढल्या वर्षी ये." असं म्हटलं की गौर पुढल्या वर्षी यायची. नाही म्हटलं, तर तिला त्या घराची वाट सापडायची नाही.

आता पान कसं मांडतात ते तुम्हांला सांगायला नको, पण लेकीबाळी ऐकताहेत, म्हणून सांगते. मधे भात, पुरणपोळी. उजवीकडे भाज्या. आणि डावीकडे मीठ, लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, भरीत. डावी बाजू थोडी थोडी वाढायची, पण वाढायची. त्या घरी आधी तशीच वाढत. मग द्वारकाबाईच्या हाती स्वयंपाकघर आलं.

तिनं काय केलं? पहिल्या वर्षी कोशिंबीर काढून टाकली. म्हणाली, काकडी काय वाढायची सणाला, ती तर गुरंही खातात. तिच्या जागी भजी आली. दुसऱ्या वर्षी भरीत काढून टाकलं. म्हणाली, भोपळा काय, उकिरड्यावरही उगवतो. त्याच्या जागी तळलेल्या कुरडया आल्या. तिसऱ्या वर्षी चटणी काढून टाकली. तिच्या जागी बासुंदीची वाटी आली. उरलं काय? चिमूटभर मीठ आणि लिंबाची एक फोड, तीही वाटीच्या आड दडलेली. भाज्यांसकट सगळं पान पिवळं, तांबूस, तुपानं चकाकणारं. हिरवं म्हणून खालचं केळीचं पान तेवढं उरलं, आणि तेही अन्नाखाली झाकलेलं. द्वारकाबाई असं का करी, ते पुढं येईल. आत्ताच तिला नावं ठेवू नका.

आणि सगुणा कुठं होती? चुलीपुढं. सुनेची पंगत शेवटची, हे आटपाट नगरातही होतंच. सगळ्यांची पानं उठली की तिच्या वाट्याला ना पोळी उरे, ना बासुंदी. मग ती काय करी? काकडी कोचवी, वर दाण्याचं कूट घाली. टाकून दिलेल्या दोडक्याच्या शिरा परतून त्यांची चटणी वाटी. भाकरीशी खाई, वर ताक पिई. तिला त्याचं दुःख नव्हतं. तिच्या माहेरी असंच जेवत.

पहिल्या वर्षी काय झालं? जेवण झालं, भानजी ओसरीवर टेकला, त्याला झोप लागली. दिवेलागणीला जाग आली. सगळे हसले, म्हणाले, सण अंगी लागला. दुसऱ्या वर्षी भानजी निजला, केरोबाही निजला. उजाडलं तेव्हा उठले. या वेळी कुणी हसलं नाही. तुमच्या घरी सणाच्या दुपारी काय होतं, ते मी विचारत नाही.

तिसऱ्या वर्षी गौर आली. ज्येष्ठा नक्षत्रावर पान मांडलं. भानजी जेवला आणि निजला. केरोबा जेवला आणि निजला. द्वारकाबाई जेवली, पाटावरून उठता उठता खांबाला टेकली आणि तिथंच निजली. मग झोप घरभर पसरली. माजघरात आली, देवघरात आली. मांजर निजलं, उष्टी पोळी खाऊन गोठ्यातली गाय निजली. समईची वातसुद्धा पेंगायला लागली. सगळ्या घरात एकटी सगुणा जागी. भांडी घासायच्या आवाजानंही कुणी कूस बदलेना.

रात्र गेली, दिवस उगवला, तरी कुणी उठेना. मूळ नक्षत्र लागलं. सगुणानं नवऱ्याला हलवलं, तो उठेना. सासऱ्याला हाक मारली, तो उठेना. सासूच्या तोंडावर पाणी मारलं, तीही उठेना. श्वास चालू होता, पण इतका हळू, की कान लावून ऐकावा. मग ती गौरीकडे धावली. पाहते तर मुखवटा जागेवर, साडी जागेवर, पण चेहऱ्यावरचं तेज गेलेलं. आणि उंबऱ्यातून कुंकवाची पावलं बाहेर पडलेली. येतानाची पावलं आपण काढतो, बायांनो. ही पावलं जातानाची होती, ती कुणी काढलेली नव्हती.

सगुणा रडायला लागली. गौर निरोप न घेता गेली. आता ती पुन्हा यायची नाही आणि घराला जाग यायची नाही. मग तिनं डोळे पुसले. उरलेली कोशिंबीर आणि चटणी पानात बांधून घेतली. का घेतली, ते तिलाही सांगता आलं नसतं. कुणाकडे जायचं तर रिकाम्या हातानं कसं जायचं, एवढंच तिला ठाऊक. आणि पावलांवर पाऊल टाकत ती निघाली.

पावलं गावाबाहेर गेली, गवतातून गेली, नदीवर गेली. नदीवर धुकं होतं. ऊन होतं तरी धुकं होतं. पाण्याचा आवाज लांबून आल्यासारखा येत होता. काठाच्या दगडावर एक म्हातारी बसली होती. तिच्या ओच्यात आंबाडीची जुडी होती आणि पाय पाण्यात. तिनं विचारलं, "बाई बाई, का रडतेस?"

सगुणा म्हणाली, "आजी, आमच्या घरची गौर न सांगता गेली. घर निजलंय, उठत नाही."

म्हातारी म्हणाली, "गेली कुठं? मीच ती. जायला निघाले, तर पाय उचलेना. तुमच्या घरी जेवले, आणि अंगाला दगड बांधल्यासारखं झालं. पुढं जाववेना. आणि ये म्हणून कुणी म्हटलं नाही, म्हणून मागं यायचीही सोय नाही. अशी मधेच बसलेय."

सगुणानं पाया पडून पान सोडलं. म्हणाली, "माई, हे माझं उष्टं नाही, पण उरलेलं आहे. चालेल का?"

गौरीनं बोटानं चटणी घेतली, जिभेवर ठेवली. कोशिंबिरीचा घास घेतला. मग दुसरा घेतला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, दोडक्याच्या चटणीला तिखट जरा जास्तच होतं. पण अंग हलकं झालं. तिनं पाय पाण्यातून काढले, बोटं हलवून पाहिली, आणि मनापासून हसली.

मग सगुणानं विचारलं, माई, घर कसं उठवू? गौर म्हणाली, "नवऱ्याच्या जिभेला मीठ-लिंबू लाव. सासऱ्याला हीच चटणी दे. पण सासू तेवढ्यानं उठायची नाही, तिची झोप जुनी आहे." असं म्हणून तिनं ओच्यातली आंबाडी सगुणाच्या ओंजळीत घातली. म्हणाली, "तिला हे दे. लहान होती तेव्हा तिच्या घरी मी गेले होते. घरात दुसरं काही नव्हतं. तिच्या आईनं आंबाडी ठेचली, भाकरी केली, आणि या पोरीनं आपल्या हातानं माझ्या पानात वाढलं. शेजारणी पाहायला आल्या आणि तोंडाला पदर लावून हसल्या. पोरीनं ते हसणं मनात धरलं. मी काय धरलं, ते तिला कुणी सांगितलंच नाही."

"तू काय धरलंस, माई?"

"त्या दिवसाइतक्या सुखानं मी कुठंच जेवले नाही. जा. मूळ नक्षत्र सरायच्या आत तिला इथं आण. तिनं म्हटल्याशिवाय मला येता यायचं नाही."

आता कळलं का, द्वारकाबाईच्या पानात हिरवं का नव्हतं? हसू आलं होतं ना मघाशी तुम्हांला? मलाही आलं होतं.

मग सगुणा घरी आली. केरोबाच्या जिभेला मीठ-लिंबू लावलं. त्यानं तोंड वाकडं केलं, शिंकला, उठून बसला. भानजीला चटणी चाटवली. तो खोकला, पाणी पाणी करत उठून बसला. मग सासूपुढं बसली. आंबाडी धुतली, चिरली, तेलात परतली, भाजलेली लाल मिरची आणि मीठ घालून खलबत्त्यात ठेचली. आंबट वास घरभर गेला. मांजर उठलं, गाय हंबरली, समईची वात सरळ झाली. द्वारकाबाई मात्र उठेना. चटणी ओठाशी नेली, तर ओठ घट्ट मिटलेले. झोपेतच पुटपुटली, "वाढू नको ग ते. हसतील."

सगुणा कानाशी वाकली. म्हणाली, "सासूबाई, गौर भेटली होती नदीवर. तिला तुमची आंबाडी आठवते. त्या दिवसाइतक्या सुखानं ती कुठंच जेवली नाही म्हणाली."

मिटलेले ओठ सुटले. सगुणानं चटणी जिभेवर ठेवली. द्वारकाबाईच्या डोळ्यांतून आधी पाणी आलं आणि मग डोळे उघडले. मग म्हणाली, "मीठ माझी आई असंच घालायची."

वेळ कुठला होता? सगुणानं तिचा हात धरला, दोघी नदीकडे धावल्या. केस सुटलेले, पाय अनवाणी. लोक दारात येऊन पाहत होते. ज्या द्वारकाबाईनं सारा जन्म लोक काय म्हणतील ते पाहिलं, तिनं त्या दिवशी कुणाकडे पाहिलं नाही. धुकं विरत आलं होतं. गौर पाण्यात उतरत होती, गुडघ्याएवढी गेली होती. द्वारकाबाई काठावरून म्हणाली, "माई, चुकले. पुढल्या वर्षी ये. तुझी डावी बाजू भरून ठेवते."

गौर वळली. म्हणाली, "येईन. पण माझा एक वसा घे. सणाला पान मांडशील तेव्हा आधी डावी बाजू भर. चिमटीनं मीठ, लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, भरीत. रानात परसात जे कोवळं मिळेल ते. गोड टाकू नको, गोडाशिवाय सण कसला, पण गोडाला एकटं सोडू नको. तळण बोटभर, कोशिंबीर मूठभर. आणि रांधणारीला शेवटी बसवू नको, तिचं पान तुझ्या पानाशेजारी मांड. घेशील आणि विसरशील, तर घर पुन्हा निजेल. घेशील आणि पाळशील, तर घर जागं राहील." असं म्हणून ती पाण्यात उतरली. मग धुकंही उरलं नाही, पावलंही उरली नाहीत.

वर्ष सरलं, भादवा आला, गौर आली. द्वारकाबाईनं परसात काकडी लावली होती, भोपळा लावला होता, कडेनं आंबाडी लावली होती. पान मांडलं. आधी डावी बाजू भरली. मीठ, लिंबू, दोडक्याच्या शिरांची चटणी, कोवळ्या मुळ्याची कोशिंबीर, मोडाचे मूग, दह्यातलं भोपळ्याचं भरीत. आणि त्यांच्या शेजारी आंबाडी. मग उजवीकडे भाज्या, मधे भात, पुरणाची एक पोळी, वर तुपाची धार.

शेजारणी पाहायला आल्या. त्यांतली एक तोंडाला पदर लावून म्हणाली, "द्वारकाबाई, गौरीला आंबाडी?"

सगुणाचा हात वाढता वाढता थांबला. द्वारकाबाई म्हणाली, "हो. माझ्या माहेरची आहे. बस, तुलाही वाढते."

ती बसली, जेवली, आणि दुसऱ्यांदा मागून घेतली.

जेवणं झाली. सगुणा सासूशेजारी बसून जेवली, तिच्या पानात पुरणपोळी होती. भानजी उठला तो नदीपर्यंत फिरून आला. केरोबानं गायीला चारा घातला. रात्री गौरीपुढं झिम्मा झाला. दुसऱ्या दिवशी सगळं घर जागं, आंघोळी झालेलं, निरोपाला दारात उभं. द्वारकाबाई म्हणाली, "माई, पुढल्या वर्षी ये." मग नैवेद्याचं पान उचलायला गेली. पाहते तर पोळीची एक कड मोडलेली. आणि डावी बाजू बोटानं निपटून खाल्लेली, आंबाडीचा कणसुद्धा शिल्लक नाही. द्वारकाबाईनं सुनेला हाक मारली, दोघी त्या पानाकडे पाहत राहिल्या.

जशी गौर त्या घरी सुखानं जेवली, तशी तुम्हां आम्हां घरी जेवो. जशी त्या घराला जाग आली, तशी आपल्या घरांना येवो. जिच्या माहेरचं जे असेल, ते तिला मान वर करून वाढता येवो. ही साठां घासांची कहाणी, पाचां घासांत वाढली, डावीकडून सुरू झाली, सुफळ संपूर्ण. आता अक्षता वाहा, आणि पानं घ्यायला उठा. कोशिंबीर मी केलीय, कुणी पानात ठेवायची नाही.