हेस्टर पिमची शीवफेरी

फार वर्षांमागची गोष्ट, तिकडे विलायतेतली. आगगाडी नुकती धावू लागली होती. थॉर्नबेक नावाचं एक चिमुकलं गाव होतं आणि त्याला खेटून हॅल्स्टन नावाचं मोठं शहर. गावची रीत अशी, की दर मे महिन्यात एका ठरल्या दिवशी सूर्य बुडायच्या आत गावाच्या शिवेवरून चालायचं आणि शिवेच्या प्रत्येक दगडावर विलोच्या झाडाची ओली काठी मारायची. ज्या वर्षी फेरी चुकेल, त्या वर्षी गाव पुसलं जाईल, असं म्हणतात.

हॅल्स्टन वाढत वाढत आलं. आधी कुरणं गेली, मग ओढा नळात गेला, शेवटी एक सरकारी कागद आला आणि थॉर्नबेक शहरात जमा झालं. शिवेवर विटांच्या घरांची रांग उठली. लोक म्हणाले, आता कसली शीव न कसलं काय! एकटी हेस्टर पिम तेवढी ऐकेना. गावाचे कपडे धुणारी सत्तरीची बाई, हट्टी म्हणजे किती हट्टी! नवरा आणि दोन लेकरं तिने त्याच मातीत ठेवली होती. गावच पुसलं तर ती माणसं कुठली म्हणायची, ही तिला धास्ती.

मग काय, दर वर्षी त्या दिवशी काठी घ्यायची आणि निघायची. शीव घरातून गेली तर हीही घरातून. पुढच्या दाराने आत, फरशीवर काठीचा एक टोला, मागच्या दाराने बाहेर. लोक आधी हसले, मग चिडले, मग त्या दिवशी आपणहून दारं उघडी ठेवू लागले. घरांखाली गाडला गेलेला शिवेचा दगड तिच्या तळपायांना कळायचा, असं म्हणतात.

एका वर्षी मात्र शेवटच्या घरात क्रॉफ्ट नावाचा नवा कारकून राहायला आला. त्याने कडी लावली. हे माझं घर आहे, रस्ता नाही, असं खिडकीतूनच सुनावलं. नेमका तेवढा एकच दगड राहिला होता. हेस्टर दमली होती, पण तिने आवाज चढवला नाही.

"साहेब, मी तुमच्या घरात येत नाही. मी माझ्या गावाभोवती फिरतेय. तुमचं घर मध्ये आलंय."

खिडकी बंद झाली. ती पायरीवर बसून राहिली. दिवस कलला, धुकं उतरलं. आता घरी जा, असं सांगायला क्रॉफ्टने दार उघडलं, तर म्हातारीने डोळे मिटले होते. तिच्या थंड हातातल्या काठीला कोवळी पानं फुटली होती.

शेवटचा टोला राहिला तर फेरी चुकते, हे क्रॉफ्टने शेजाऱ्यांकडून ऐकलं होतं. सूर्य बुडायला घटकाच उरली होती. त्याने काठी उचलली, आत आला आणि स्वतःच्या फरशीवर स्वतःच टोला मारला. तसे शिवेवरचे सगळे दगड जमिनीखालून एकामागून एक बोलले. आणि एप्रनला हात पुसत हेस्टर मागच्या दाराने बाहेर पडली, असं म्हणतात.

आज नकाशात थॉर्नबेक नाही. पण त्या रांगेतल्या पोराला विचारा, तू कुठला, तर ते थॉर्नबेकच सांगतं. मे महिन्यातल्या त्या दिवशी रांगेतल्या प्रत्येक घराची दोन्ही दारं उघडी असतात. शेवटच्या घरातलं थोरलं माणूस फरशीवर काठी मारतं आणि थांबतं. मागचं दार लगेच लावायचं नाही. बाईला बाहेर पडू द्यायचं असतं.