दमलेलं कार्ड

कॉम्प्युटरचा डबा काउंटरवर आदळत सरोजिनी गवंडे म्हणाल्या, "चालवून दाखवा!" निवृत्तीनंतर याच दुकानातून हौसेने घेतलेल्या या यंत्रावर त्यांचा गाड्यांच्या शर्यतीचा गेम पहिल्या दिवसापासून अडखळत होता.

दुकानाचे मालक तोरणे यांनी स्वतःच्या हाताने वायरी जोडल्या आणि मोठ्या फोर-के पडद्यावर गेम लावला. इथेही गाडी गचके खात चालली.

"काकू, एवढ्या बारीक चित्राला एक ग्राफिक्स कार्ड दमतं. दुसरं घ्यावंच लागेल. तुमच्या वयात हे नाही कळायचं."

सरोजिनीबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्यांची नजर पडद्याच्या वायरीवर होती.

"बरं. मग आहे ते कार्ड काढा आणि गेम लावा."

"काढल्यावर काय कपाळ चालणार?" असं म्हणत तोरण्यांनी चार गिऱ्हाइकांसमोर कार्ड काढून ठेवलं आणि बटण दाबलं.

गेम चालला. तेच गचके, तीच गाडी.

"कार्ड टेबलावर पडलंय आणि काडीचाही फरक नाही!" सरोजिनीबाई कडाडल्या. "दमायला ते कामाला तरी लागलं होतं का? पडद्याची वायर कार्डात लावायची सोडून तुम्ही मदरबोर्डात खुपसलीत, म्हणून गेम त्यातल्या साध्या चिपवरच रखडत होता. माझ्या घरीही तुम्हीच लावली होतीत!"

त्यांनी कार्ड परत बसवायला लावलं आणि वायर स्वतः त्यात जोडली. गाडी सुसाट निघाली.

तोरण्यांनी घाम पुसला. "तरी काकू, दुसऱ्या कार्डावर सूट देतो..."

"कार्ड एकच पुरे. दुकानाला तेवढा दुसरा मालक बघा!"