माइकवरची प्रार्थना-विनंती

"दार उघडत नाही म्हणजे काय, बाई? माझं चुकलं तरी काय?"

शांतवनने शुगर तपासायचं मशीन टेबलावर आपटलंच जवळजवळ.

रत्नाबाई उजागरे बँडेजच्या पट्ट्या गुंडाळत होत्या. मिशनच्या दवाखान्यात त्यांनी जन्मभर नर्सचं काम केलं. आता दर रविवारी उपासना संपली की चर्चच्या व्हरांड्यात बसून मंडळींची शुगर, बीपी फुकट तपासत. शांतवन त्यांच्या हाताखाली शिकत होता. पोरगा हुशार, आणि हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

"तीन रविवार झाले, सगुणामावशी उपासनेला नाही, तपासायला नाही. पायाची जखम चिघळलीय म्हणे. मी घरी गेलो, तर आतून कडी घातली!"

"त्याआधीच्या रविवारी काय झालं होतं?"

"काही नाही. उपासनेत माइकवर प्रार्थना-विनंत्या मी वाचल्या. सगुणामावशीसाठी प्रार्थना करा, शुगर तीनशे बारा आहे, पथ्य पाळत नाही... मायेनंच वाचलं मी, बाई."

बाई पट्टी गुंडाळत राहिल्या.

"बरं, रविवारी माइकवर तिची माफी मागतो. सगळ्यांसमोर."

"माग. मग त्याच माइकवर मी तुझ्यासाठी विनंती करते. वडील गेल्यापासून शांतवन मनाच्या डॉक्टरकडे जातो, गोळ्या घेतो..."

शांतवनचा चेहरा खर्रकन उतरला.

"नको, बाई! पाया पडतो तुमच्या."

"का रे? मायेनंच वाचेन."

...

खरं सांगायचं तर त्या घडीला बाईंना पोराची कीव आली. तो बाकाची कड नखानं खरवडू लागला.

"तीन वर्षं तुम्हाला माहीत आहे," तो हळूच म्हणाला. "माझ्यासाठी कधी प्रार्थना नाही केलीत?"

"रोज करते."

"मी तर कधी माझं नाव ऐकलं नाही."

"ज्याला ऐकायचं, त्यानं ऐकलं."

...

शांतवन उठला. चपला घातल्या, मशीन काखेत घेतलं आणि सगुणामावशीच्या घराकडे निघू लागला.

बाईंनी मशीन त्याच्याकडून काढून घेतलं आणि खणात ठेवून दिलं.

"ड्रेसिंगचा डबा घेऊन मी मागून येते. तू मोकळ्या हातानं जा. ओट्यावर बस. ती सांगेल ते ऐक... आणि तिथंच ठेवून ये."