निवट्याच्या बिळातली हवा

एकदा एका खाडीच्या काठी धाकू नावाचा नावाडी राहत असे. ज्याच्याकडून तो वल्हं धरायला शिकला, तो वृद्ध तांडेल अजून हयात होता; सगळे त्याला आबा म्हणत. आता होडीत चढणं जमत नसे, म्हणून दिवसभर कांदळवनाच्या सावलीत बसून असे. धाकूला काही अडलं की तो या आबांपुढे जाऊन बसायचा.

त्याचं सगळ्यात मोठं अडलेलं म्हणजे त्याची मुलगी, शेवंती. तिची आई याच खाडीत होडी उलटून गेली, तेव्हा ती रांगत होती. धाकूने तिला पोटाशी धरून वाढवलं, होडी चालवायला शिकवलं, आणि शिकवून झाल्यावर मात्र एकटीला सोडेना. खाडीवरचा रिवाज असा, की नव्या नावाड्याच्या पहिल्या खेपेला शिकवणाऱ्याने काठावर उभं राहायचं, हाकसुद्धा मारायची नाही. धाकूने रिवाज पाळला, पण आपल्या परीने. होडीला त्याने लांबलचक दोर बांधला आणि त्याचं दुसरं टोक काठावरच्या तिवराच्या झाडाच्या बुंध्याला. पाणी थांबलेलं असताना पोर मध्यापर्यंत जायची, दोर संपला की परत यायची. गाव हसलं. धाकूने ते कानाआड केलं.

त्याच तिवराच्या मुळांशी एका निवट्याचं बीळ होतं. निवटा म्हणजे चिखलात उड्या मारणारा तो मासा, ज्याचे डोळे जन्मापासूनच कपाळावर चढलेले. हा नर ओहोटीला वर यायचा, तोंड भरून हवा घ्यायचा आणि गाल फुगवून बिळात उतरायचा. पुन्हा वर, पुन्हा खाली. आबांनी सांगितलं होतं, की आत त्याची अंडी आहेत; तिथल्या कोंदट पाण्यात ती जगायची नाहीत, म्हणून बाप तोंडाने हवा वाहतो. हे ऐकल्यापासून धाकूला तो निवटा अगदी आपल्यातला वाटू लागला होता.

पुढे धाकूचा खांदा लचकला. पैलतीरावर बाजाराची माणसं खोळंबली होती, आणि शेवंतीला जाऊ देण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. धाकूने दोराला दोर जोडून तो पलीकडपर्यंत पुरेल एवढा केला. भरती चढू लागली होती. होडी काठापासून सुटली, आणि आबा उठले. त्यांनी तिवराची गाठ सोडली आणि टोक पाण्यात टाकलं.

"आबा! काय केलंत हे?"

धाकू धावला, पण गुडघाभर चिखलात रुतला. शेवंतीने मागे वळून पाहिलं, सैल दोर भराभर होडीत ओढून घेतला आणि पुन्हा वल्हं उचललं.

चिखलातून पाय काढताना धाकूची नजर बिळावर गेली. निवटा आज उलटंच करत होता. आतून तोंड भरून यायचा, बिळाच्या तोंडाशी बुडबुडा सोडायचा आणि रिकामा परत जायचा. हवा बाहेर येत होती आणि भरतीचं पाणी आत शिरत होतं.

"अरे, हा तर स्वतःचीच पोरं बुडवतोय!" धाकू कळवळला. बीळ बुजवायला त्याने चिखलाचा गोळा उचलला, तोच आबांनी त्याचं मनगट धरलं. पकड अजून जुनीच होती.

"थांब," ते म्हणाले. "आतली पिल्लं पुरी वाढली आहेत. आता त्यांना हवा नको, पाणी हवं. पाणी लागल्याशिवाय ती अंड्यातून बाहेर येत नाहीत. ज्या हवेने आजवर जगवलं, तीच आज राहिली तर ती आतच मरतील. म्हणून बापाने ज्या तोंडाने हवा भरली, त्याच तोंडाने तो ती काढतो आहे. माया तीच आहे रे, काम तेवढं उलटं झालं. तुझ्या दोराचंही तसंच. थांबलेल्या पाण्यात ठीक होता. भरतीच्या ओढीत दोर ताणला की होडी आडवी होते. आणि आडव्या होडीचं काय होतं, ते मी तुला सांगायला नको."

धाकूने होडीकडे पाहिलं. शेवंतीची आई गेली ती होडी आडवी होऊनच. एवढा जुना नावाडी तो, पण भीतीपायी हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. हातातला चिखल त्याने हळूच खाली ठेवला.

बिळाचं तोंड पाण्याखाली गेलं. गढूळ पाण्यात केसाएवढं बारीक काहीतरी वळवळलं, किंवा धाकूला तसं वाटलं. निवटा मुळावर चढून बसला, गाल रिकामे करून. धाकू त्याच्या शेजारी उभा राहिला. होडी मध्याला डोलली तेव्हा ओठांशी आलेली हाक त्याने गिळली.

अखेर पैलतीरावरून आवाज आला, "बाबा, पोचले!"

धाकू मटकन चिखलात बसला आणि रडता रडता हसू लागला. कितीतरी वर्षांत त्याला असं हलकं वाटलं नव्हतं.

"आबा," डोळे पुसत तो म्हणाला, "पोरगी दोर घेऊन गेली की."

"जाऊ दे," आबा म्हणाले. "तिकडे होडी बांधायला तिला लागेलच."