कोण हौसाबाई?

“माझं काय चुकलं, ते तरी सांगा!”

वैजयंती डोईफोडे दारातच उभी होती. आत यायची तिची तयारी नव्हती.

रिबेकाबाई खिडकीपाशी बसल्या होत्या. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला.

“चुकलं असं कोण म्हणालं?”

“मग डॉक्टरांनी मला इथं का पाठवलं? चूक झाल्याशिवाय मेट्रनपुढं कुणाला उभं करतात का?”

“मी आता मेट्रन नाही. आणि उभं राहायला मी सांगितलेलं नाही.”

वैजयंती तरीही उभीच राहिली.

गावाबाहेरच्या माळावरचं ते शुश्रूषागृह. ज्यांच्यापुढे औषधांनी हात टेकले, अशांचे शेवटचे दिवस सुखाचे जावेत म्हणून उभारलेलं. तिथल्या परिचारिकांत वैजयंती सगळ्यांत खंबीर. एखादा रोगी गेला की बाकीच्या पोरी मोरीत जाऊन रडायच्या. ही मात्र डोळ्यांतून टिपूस न काढता देह धुऊन-पुसून नातेवाइकांच्या हवाली करायची आणि लगेच पुढची खाट लावायला घ्यायची. या गोष्टीचा तिला अभिमान होता, आणि तो तिने लपवलाही नव्हता.

रिबेकाबाईंची सारी हयात मिशनच्या इस्पितळात गेलेली. निवृत्तीनंतर डॉक्टरांनी गळ घातली, तेव्हापासून त्या दर गुरुवारी दुपारी इथे येत. एकेक परिचारिका त्यांच्यापाशी बसे, मनात साचलेलं बोले. त्या खोलीतला शब्द बाहेर जात नसे, अगदी डॉक्टरांपर्यंतसुद्धा. सगळ्या जणी जात. वैजयंती कधी फिरकली नव्हती.

“मला रडायचं नाहीये, बाई. वॉर्डात कामं पडलीयत.”

“रड म्हटलं का मी?”

“मग इथं करायचं तरी काय?”

बाईंनी नुसतं समोरच्या खुर्चीकडे बोट केलं.

बाहेर कुणीतरी औषधांची गाडी ढकलत नेली. तिच्या चाकाची कुरकुर लांब जाईपर्यंत ऐकू येत राहिली.

वैजयंतीला ती शांतता सोसेना. तिने टोमणा मारला.

“आम्ही तुमच्यापुढं बसायचं. तुम्ही कुणापुढं बसता?”

“एलिशाबा सिस्टरांपुढं. माझ्या आधीच्या मेट्रन त्या. दर महिन्याला जाते. एस.टी.नं.”

“या वयात?”

“या वयात जास्तच. तुम्हा सगळ्यांचं ऐकते मी. ते घेऊन घरी कशी जाऊ?”

हे उत्तर वैजयंतीला अपेक्षित नव्हतं. ती आत आली. खुर्चीच्या अगदी कडेवर बसली, केव्हाही उठून जाता येईल अशी.

बाईंनी पिशवीतून खोबरेल तेलाची बाटली काढली.

“हात दे.”

“कशाला?”

“बघ ना कसे झालेत ते.”

सारखे साबणाने धुऊन आणि जंतुनाशकात बुडवून वैजयंतीचे हात उलले होते. बोटांच्या पेरांवर लाल चिरा पडल्या होत्या. बाईंनी हात धरताच तिने तो झटक्यात मागे घेतला.

“राहू द्या. मी लावीन नंतर.”

“नंतर म्हणजे कधी?” बाईंनी बाटलीचं झाकण उघडलं. “आजवर किती जणांचे पाय चोळून दिलेस?”

“कोण मोजत बसलंय!”

“लाजत असतील ना ते?”

“आधी लाजतात. नको नको म्हणतात. मग गप पडून राहतात.”

“मग?”

वैजयंतीने सावकाश उजवा हात पुढे केला.

बाई तेल लावू लागल्या. एकेक बोट, एकेक पेर. त्यांना कसलीच घाई नव्हती. वैजयंतीचा खांदा ताठ होता, तो हळूहळू खाली आला.

“काल एक मुलगी आली होती,” ती म्हणाली. “फळं घेऊन. माझ्या पायाच पडली. म्हणाली, सिस्टर, तुम्ही होता म्हणून आमच्या आजीचं, हौसाबाईचं, शेवटचं सुखानं झालं...”

बाईंचा अंगठा तळहातावर फिरत राहिला.

“मी तिला विचारलं... कोण हौसाबाई?”

बाईंनी बाटलीतून आणखी थोडं तेल घेतलं.

“उन्हाळाभर मी त्यांना भरवलं, बाई. शेवटची आंघोळ मीच घातली. आणि मला नाव आठवेना. चेहरासुद्धा आठवेना. ती पोर माझ्याकडे बघतच राहिली. मग फळं तिथेच ठेवून निघून गेली.”

तिचा आवाज चिरकला. पण ती थांबली नाही.

“मला वाटायचं, मी घट्ट आहे. मी घट्ट नाही, बाई. मला काही लागेनासंच झालंय... अशी कशी झाले मी?”

बाईंनी तो हात तिच्या मांडीवर ठेवला.

“दुसरा दे.”

वैजयंतीने दुसरा हात दिला. आता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. एकाला तेल, दुसरा बाईंच्या हातात. तिने ते तसंच वाहू दिलं.

दुसऱ्या हाताचं तेल जिरत आलं, तेव्हा ती एकदम म्हणाली, “कुंकू! हौसाबाई रोज सकाळी मला विचारायच्या, सरळ लागलंय का गं? मी तिरकं लागलेलं असलं तरी सरळच म्हणायचे. त्यांना कळायचं ते. हसायच्या...”

बाईही हसल्या.

वैजयंतीने बाहीने तोंड पुसलं. आता ती खुर्चीत नीट, मागे टेकून बसली होती.

“मी त्या मुलीच्या घरी जाणार आहे. आजच, ड्यूटी संपली की.”

“काय सांगशील?”

“खरं तेच. विसरले होते म्हणून सांगेन. आणि मग कुंकवाचं सांगेन. तिला राग आला तर येऊ दे. मी ऐकून घेईन.”

बाईंनी मान डोलावली. तेलाच्या बाटलीला झाकण लावलं.

वैजयंती उठली. दारापर्यंत गेली, वळली. आल्या वेळचा ताठा आता नव्हता. पण आवाज तसाच ठाम होता.

“पुढच्या गुरुवारी येते, बाई. कामं पडली तरी येईन. बरी होईपर्यंत एकही गुरुवार चुकवणार नाही.”

“आजाऱ्यांसाठी पलीकडे खाटा आहेत, वैजू,” रिबेकाबाई म्हणाल्या. “इथं धडधाकट असताना यायचं.”